बापूंना बोट पसंत नाही

शमुवेलबापूंनी आयुष्यात कुठलीही वस्तू पुढून पाहिलेली नाही. गाय दाखवा, ट्रॅक्टर दाखवा, नवं घर दाखवा, बापू आधी वळसा घालून मागे जाणार. तिथे कमरेवर हात ठेवून उभे राहणार, मान तिरकी करणार, आणि जे काय मत द्यायचं ते तिथूनच देणार. "म्होरून समदीच देखनी असत्यात, मास्तर," असं त्यांचं म्हणणं. "म्होरला भाग जगासाठी. खरं काय आसंल ते मागं."

ही खोड नोकरीने लावलेली. बापू साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढायची, तिचं वजन व्हायचं, आणि ती पुढे निघून जायची. काट्याच्या खोलीची खिडकी अशा बाजूला होती की बापूंना गाडी दिसायची ती जातानाच. उभी नोकरी त्यांनी गाड्यांच्या पाठी बघण्यात काढली. त्याच नोकरीने दुसरंही एक व्यसन लावलं. समोर माणूस आला की त्याचं वजन बापूंच्या तोंडून आपोआप बाहेर पडतं. "या पाटील, ब्याऐंशी, बसा." पाटील बसतात, पण चहात साखर घेत नाहीत.

मी त्यांचा शेजारी. मुळा धरणाच्या पाण्याकाठी आमचं गाव आहे आणि तिथल्या हायस्कूलात मी विज्ञान शिकवतो. गावातल्या ख्रिस्ती आळीतलं शेवटचं घर बापूंचं, आणि त्याला लागून आमचं. बापू एकटेच असतात. त्यांच्या पत्नी रूथबाई वारल्या, आणि एकुलती एक मुलगी शीला लग्न होऊन अमेरिकेत टेक्सासला गेली. पण बापू एकटे आहेत असं कधी कुणाला वाटलं नाही, कारण दर दोन दिवसांनी कुणीतरी त्यांना काहीतरी पसंत करायला घेऊन जात असतं.

माझ्या धाकट्या भावासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा आम्ही बापूंना नेलं. आम्ही पुढच्या खोलीत पोह्यांच्या बशा हातात धरून सभ्यपणे बसलो होतो, आणि बापू गायब. मुलीच्या वडिलांचा चेहरा गोरामोरा झाला. थोड्या वेळाने बापू परसदारातून आत आले आणि म्हणाले, "सोयरीक करा. ह्यांचं कुत्रं गुबगुबीत हाय. म्हंजी घरात उरतंय, आन् उरल्यालं देत्यात." मुलगी त्यांनी पाहिलीच नाही. भावाचा संसार मात्र झकास चालला आहे, आणि त्यालाही आता पोट सुटलंय.

अशा ह्या माणसाला गेल्या पावसाळ्यात बोटीचं वेड लागलं.

झालं असं की एका रविवारी बापूंनी मला कुंपणावरून हाक मारली. हातात मोबाईल होता. मोबाईलवर त्यांची नात एस्थर, म्हणजे शीलाची चौदा वर्षांची मुलगी, एका तळ्यावर उभी होती. काठावर नव्हे, पाण्यावर! पुढे एक बोट पळत होती, तिच्या मागे मोठी लाट उठली होती, आणि त्या लाटेवर पायाखाली फळी घेऊन ही पोरगी खुशाल उभी. सुरुवातीला हातात दोरी होती. मग तिने तीही बोटीत फेकून दिली आणि नुसत्या लाटेच्या जोरावर बोटीमागे घसरत राहिली. ह्या खेळाला वेकसर्फिंग म्हणतात.

"वा!" मी म्हणालो. "काय तोल आहे!"

"तोल ऱ्हाऊ द्या," बापू म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. "बोटीच्या ढुंगणापासून पोरगी दोन वावांवर हाय. पंखा कुठंय?"

मी सायन्सचा मास्तर, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. आमच्या गावात ज्या बोटी आहेत त्यांचं इंजिन मागे टांगलेलं असतं आणि पाण्यातला पंखा तिथेच, शेपटीला गरगरत असतो. त्याच्या मागे माणूस ठेवणं म्हणजे कडबाकुट्टीच्या तोंडाशी पोर खेळायला बसवणं. बापूंनी त्याच पावली अमेरिकेला फोन लावला. एस्थीने आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं, की ह्या खेळाची बोट वेगळी असते, तिचा पंखा मागे नसतो, पोटाखाली बराच आत असतो. मग बापूंचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "एस्थी नाताळात हितं येनार. तवर धरन भरल्यालं आसंल. तिला आपल्या पान्यावर लाटंवर हुबं करायचं. फकस्त बोट धड पायजे. मास्तर, गाडी काढा."

बोट विकत घ्यायची नव्हती, नाताळापुरती भाड्याने घ्यायची होती. पण बापूंनी सोहळा मांडला तो थेट स्थळं बघण्याचा. जाताना ते रविवारचा काळा कोट घालायचे. बरोबर मी, आणि मोटारी रिवाइंडिंग करणारे हारूनभाई, "मुलाकडची मंडळी" म्हणून. हारूनभाईंना पाण्यातल्या मोटारीचं ज्ञान होतं, पण ते विहिरीतल्या पाण्याचं. आमची बायको सुनंदा म्हणाली, "बोटीच्या आईबापांना हुंडा मागू नका म्हणजे झालं."

पहिलं स्थळ भंडारदऱ्याचं. राजूरच्या बाजारात थांबून बापूंनी जाड दोरी आणि एक पाट घेतला. वाटणाचा पाटा नाही, बसायचा लाकडी पाट. तो कशाला, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. धरणावर पोचलो. नाववाल्याने बोट पुढून दाखवायला सुरुवात केली, तेवढ्यात बापू धक्क्यावर सपशेल पालथे पडले आणि छातीपर्यंत पाण्यावर लोंबकळले.

"पाय धरा!" ते खालून ओरडले.

एक पाय मी धरला, एक हारूनभाईंनी. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाने हे पाहिलं आणि त्यांच्यातली बाई किंचाळली, "अहो, आजोबांना चक्कर आली!" क्षणात पंधरावीस माणसं जमली. एकाने पाणी आणलं, एकाने कांदा. एका दांडग्या माणसाने तर मला बाजूला सारून बापूंना कमरेला धरून वर ओढलं. बापू वर आले ते तणतणत, "अरं, पंखा बघू द्या की! न्हाई बघितला तर पसंती कशी कळंल?" मग त्या दांडग्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "एकशेचार. ताकद चांगली हाय तुमच्यात." पंखा शेपटीलाच होता. स्थळ मोडलं. नाववाला बिचारा भला माणूस. त्याने आम्हाला चहा पाजला आणि म्हणाला, "आमी सहलीवाल्यांना फिरवतो बाबा, आमच्या मागं कुनी उभं ऱ्हात न्हाई."

दुसरं स्थळ नगरच्या एका डॉक्टरांच्या जुन्या डिझेल लाँचचं. ती आमच्याच धरणात उभी असायची. हिचा पंखा पोटाखाली होता, आणि मला वाटलं, सुटलो. पण दरम्यान एस्थीने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली होती. बोटीच्या मागे इंजिनाचा धूर साचतो, आणि तो विषारी असतो. म्हणून मागच्या कठड्यावर कुणी बसायचं नाही, आणि इंजिन नुसतं चालू ठेवून तिथे पोहायचंही नाही. "हवा कुठं वळतीय ते बघाया पायजे," बापू म्हणाले, आणि त्यांनी लाँचच्या मागच्या बाजूला उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला.

हारूनभाईंनी इंजिन सुरू केलं. उदबत्तीचा धूर निघाला. आता काठावर धुणं धूत असलेल्या बायकांनी काय बघितलं? काळा कोट घातलेला म्हातारा, उदबत्त्या, नवी कोरी दोरी, आणि खाली ठेवलेला पाट. त्यांनी साबणाचे हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. एक जण धावत जाऊन नारळ घेऊन आली. "लाँचीची पूजा हाय व्हय? मंग आमाला न्हाई का सांगायचं!" नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, कुणीतरी आरती म्हणायला लागलं, आणि हारूनभाई इंजिनाची दांडी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ताल देऊ लागले. ह्या सगळ्या गदारोळात बापू मात्र नाक पुढे करून धुराकडे टक लावून बसले होते. धूर मागे जायचा, वळायचा आणि पुन्हा बोटीच्या बुडाशी येऊन घुटमळायचा.

बापूंनी प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं, नीट चावलं, आणि निकाल दिला, "खोबरं चांगलं हाय. बोट न्हाई."

अशी पाच-सहा स्थळं झाली. एका बोटीला मागे तोंड करून पोरीवर लक्ष ठेवायला माणूस बसेल अशी जागाच नव्हती. "चालवनाऱ्यानं म्होरं बघायचं का मागं? दोन मानसं पायजेत. येक हाकाया, येक राखाया." एक बोट हलकी निघाली, लाटच उठेना. एकीचा मालक बोलायला उद्धट होता. दर रविवारी संध्याकाळी बापू एस्थीला सगळा वृत्तांत सांगत, आणि ती तिकडून नवी काहीतरी अट सांगे. त्या अटी बापूंनी एवढ्या पाठ केल्या होत्या की चर्चच्या दारात भेटलेल्या पाळकसाहेबांनाही त्यांनी विचारलं, "काय पाळकसाहेब, पंखा पोटाखाली हाय ना?" पाळकसाहेब चार दिवस अस्वस्थ होते.

आणि दिवाळीनंतर खरोखरचं सोन्यासारखं स्थळ चालून आलं.

पाण्याकाठी फार्महाऊस बांधलेले एक रोहितशेठ आहेत. त्यांनी मुंबईहून ट्रॉलीवर घालून एक बोट आणली. ती ह्याच खेळासाठी बनवलेली होती. बापूंची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती, त्यामुळे त्यांनी बोट पाण्यात सोडण्याआधीच मागून दाखवली. पंखा पोटाखाली, चांगला आत. बापू ट्रॉलीखाली रांगत जाऊन आले आणि पहिल्यांदाच त्यांनी खोट काढली नाही. मी हारूनभाईंना कोपराने ढोसलं.

एकच अडचण होती. लाट मोठी उठायची तर बोट जड हवी, आणि एका अंगाला जास्त जड हवी. त्यासाठी बोटीत पाण्याच्या टाक्या असतात, पण त्या भरणारा पंप बिघडला होता. रोहितशेठ म्हणाले, पंप यायला वेळ लागेल.

"पंप कशाला?" बापू म्हणाले. "गाव हाय की."

पुढचे दोन दिवस बापू गावात वजनदार माणसं गोळा करत हिंडले. घरोघर जाऊन रीतसर आमंत्रण. "पाटील, डाव्या अंगाला तुमी. तुमच्याबिगर लाट उठायची न्हाई." पाटलांची छाती फुगली. पण बोटीवर लिहिलेल्या भारापेक्षा एक किलोही जास्त घ्यायला बापू तयार नव्हते, त्यामुळे बरेच जण गाळावे लागले, आणि गावात मानपानाचं असं काही राजकारण पेटलं की विचारू नका. पाटलांच्या चुलतभावाला उजव्या अंगाला जागा दिली म्हणून तो रुसला. "आमी काय वजनानं कमी हाओत का?" सोसायटीचा चेअरमन आपलं वजन वाढवून सांगू लागला. बायकांचं वजन बापू कधी तोंडाने उच्चारत नसत, नुसतं हाताने जागा दाखवत. सुनंदाला त्यांनी सगळ्यात मागे, डाव्या कोपऱ्यात बसायची खूण केली. त्या आठवड्यात आमच्याकडून बापूंना भाजी गेली नाही, आणि मलाही बेताचीच मिळाली.

चाचणीच्या दिवशी अर्धं गाव काठावर होतं. बोटीत बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात फुगीर जाकीट. पाटलांचं जाकीट बसेना, तर बापूंनी त्यांना तसं चढू दिलं नाही. फार्महाऊसवरून मोठं माप आणवलं, तोवर सगळे उन्हात. हारूनभाई राखणदार म्हणून मागे तोंड करून बसले. बापूंनी इंजिन चालू करायला लावून उदबत्तीचा धूर नीट मागे निघून जातो हे पाहिलं, आणि दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजली. बोट काठापासून लांब नेली. मग तो राजूरचा पाट निघाला. त्याच्यावर बापूंनी एक तांबडा भोपळा घट्ट बांधला होता आणि त्याला बाळाची टोपी घातली होती.

"ही एस्थी," ते म्हणाले.

बोट सुटली. डावीकडची मंडळी लिंबाच्या लोणच्यासारखी एकमेकांना चिकटली आणि बोट त्या अंगाला कलली. मागे पाणी फुगलं, वळलं, आणि खरंच एक लांबलचक, गुळगुळीत लाट उभी राहिली! काठावरून शिट्ट्या झाल्या. बापूंनी भोपळा लाटेवर सोडला, थोडा ओढला, आणि दोरी सोडून दिली. भोपळा डुलला, गिरकी घेऊन मागे पडला, टोपी सांभाळत तरंगत राहिला. पंख्याकडे ओढला जाण्याचं नाव नाही. हारूनभाईंनी हात वर करून आरोळी ठोकली, "पोरगी पडली! पोरगी पडली!" रोहितशेठनी लगेच वेग कमी केला, वळसा घालून बोट आणली, जवळ येताच इंजिन बंद केलं, आणि बापूंनी भोपळ्याला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. पाटील एवढे हसले की ठरवून केलेला तोलच बिघडला, आणि बापूंनी त्यांना जागेवर बसवलं.

सगळं झालं. पंखा, धूर, लाट, खोली, राखणदार, चालवणारा. बोट सगळ्या परीक्षांत पास. काठावर उतरल्यावर रोहितशेठ म्हणाले, "बापू, नाताळात बोट तुमची. भाडंही नको. मग पसंत ना?"

बापूंनी बोटीला एक चक्कर मारली. मागे गेले, पुढे आले. हो, पुढे आले! आणि मान खाली घालून म्हणाले, "न्हाई जमत."

"का?"

"रंग तांबडा हाय. जनावरं बुजत्यात."

धरणाच्या मध्यभागी कुठलं जनावर बुजणार होतं ते परमेश्वरालाच ठाऊक. पाटील जाकिटासकट तरातरा निघून गेले. रोहितशेठचा चेहरा पडला. मी भरल्या गावासमोर बापूंना काही बोललो नाही, पण माझं डोकं सणकलं होतं. माझ्या किती रविवारांची माती झाली होती! आणि ह्या माणसाला रंग सुचतो?

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो. दार उघडं होतं. बापू खुर्चीत बसले होते, समोर टेबलावर फुलदाणीला टेकवून मोबाईल उभा केलेला. कोट अजून अंगात होता. रविवार होता, फोनची वेळ झाली होती.

"बापू, हा काय प्रकार आहे?" मी उभ्यानेच सुरू केलं. "पोरीला बोट पाहिजे का नकोय?"

बापूंनी फुलदाणीला टेकवलेला मोबाईल सरळ केला. मग म्हणाले, "मास्तर, ती न्हाई येनार. तिकीट काढल्यालंच न्हाई. मीच आपलं म्हनत ऱ्हायलो, येनार येनार."

मी खाली बसलो.

"आधी फोन यायचा ना," बापू म्हणाले, "तवा मी इचारायचो, जेवलीस का? ती म्हनायची, हो. शाळा बरी हाय का? हो. आन् मंग फोन आईकडं. तिला माजं मराठी कळंना, मला तिचं इंग्रजी. म्हातारा आन् पोरगी, बोलायचं तरी काय? आन् ह्या बोटीपासनं तासतासभर बोलतीय. आजोबा, पंखा बघितला का? आजोबा, धूर बघितला का? मलाच हासतीय. मराठी बी सुधारलंय तिचं." ते थांबले. "बोट पसंत केली, तर म्होरल्या रविवारी काय बोलू?"

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. एवढ्यात मोबाईल वाजला, आणि पडद्यावर एस्थी आली. तिकडे सकाळ होती, पोरीचे केस विस्कटलेले.

"आजोबा! टेस्ट झाली? सर पण आहेत? सर, सांगा सांगा. पंखा?"

"पोटाखाली," मी म्हणालो.

"धूर?"

"त्रास नाही."

"लाट?"

"फार सुंदर उठली." मला खोटं बोलवेना.

"मग? बोट मिळाली?"

मी बापूंकडे पाहिलं. ते टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होते. "तांबडी हाय," ते हळूच म्हणाले.

 तेवढ्यात मागून, बहुधा स्वयंपाकघरातून, शीलाचा आवाज आला. "एस्थी, अजून बोटीचंच चाललंय का गं तुमचं? तुझ्या मैत्रिणीच्या घरच्यांनी त्यांची बोट विकून टाकली, तू उन्हाळ्यानंतर एकदाही पाण्यावर गेली नाहीस, आणि आजोबांना कशाला पळवतेस उगाच?"

एस्थीने झटकन मागे वळून "मॉम!" केलं. मग पुन्हा समोर बघितलं. तिचे कान लाल झाले होते. बापू पुढे वाकून पडद्याकडे बघत होते.  ती ओठ चावत होती, आणि मला वाटलं, आता दोघंही रडणार.

"तांबडी नको आजोबा," ती एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाली. "मला पण तांबडी नाही आवडत. तुम्ही अजून बघा ना. आणि मला सांगा."

 बापूंनी नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली.

"एस्थी," मी म्हणालो, "पैठणकडे जायकवाडीच्या पाण्यावर एक निळी बोट आलीये म्हणतात. पुढच्या रविवारी मी आजोबांना घेऊन जातो."

अशी कुठलीही बोट मला माहीत नव्हती.